बँडस्टँडच्या कातळावरचं हिरवं शेवाळ: त्यात औषध आहे का?

वांद्र्याच्या एका ताईंनी विचारलं आहे. वडील ६८ वर्षांचे, हृदयाची झडप बदललेली, रक्त गोठू नये म्हणून रोज वॉरफरिनची गोळी चालू. काकांनी हौसेने हिरव्या समुद्री शेवाळाच्या अर्काच्या कॅप्सूल आणून दिल्या. बाटलीवर लिहिलंय की रक्त पातळ राहतं, सूज उतरते, प्रतिकारशक्ती वाढते, गाठींवर गुण येतो. धाकटा भाऊ एमएस्सीला आहे. तो म्हणतो, यावर ढिगाने शोधनिबंध आहेत आणि हे शेवाळ तर बँडस्टँडच्या खडकांवर फुकट मिळतं. वडिलांना द्यावं का, आणि यात खरंच काही दम आहे का?

आधी वडिलांचं बघू. ताई, कॅप्सूल देऊ नका. दोन-चार दिल्या असतील तर घाबरू नका, पण आजच डॉक्टरांना फोन करून सांगा आणि आयएनआरची (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची) तपासणी पुढच्या तारखेची वाट न बघता करून घ्या. गोळीचा डोस मात्र मनाने बदलू नका. मी औषधी वनस्पतींचं रसायनशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही. डोस ठरवायचा तो तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांनी.

कारण सांगते. वॉरफरिन शरीरातल्या व्हिटॅमिन केच्या कामात खोडा घालतं, म्हणून रक्त गोठायला वेळ लागतो. पालक-मेथी एकदम वाढवू नका, रोज साधारण सारखीच खा, असं तुम्हाला सांगितलं असेल ते यासाठीच. समुद्री शेवाळातही व्हिटॅमिन के असतं, आणि किती ते जातीवर, ऋतूवर, वाळवण्याच्या पद्धतीवर ठरतं. म्हणजे एका बाटलीत एक प्रमाण, दुसऱ्या बाटलीत दुसरं. बाटलीवर ‘रक्त पातळ ठेवतं’ असं छापलेलं असताना प्रत्यक्षात गोळीचा परिणाम कमी होऊन कृत्रिम झडपेवर गुठळी बसू शकते. उलटही होऊ शकतं. अर्कात आणखी काय आहे हे लिहिलेलंच नसेल, तर कुठल्या बाजूला जाईल हे कुणालाच सांगता येणार नाही. झडपेच्या पेशंटच्या बाबतीत एवढी अनिश्चितताही मला चालत नाही.

आता भावाचा प्रश्न. तो मला मनापासून आवडला, कारण माझी सव्वीस वर्षं त्यातच गेली आहेत.

जानेवारी-फेब्रुवारीत अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपास, सकाळी सहा-सातच्या ओहोटीला बँडस्टँडखालच्या कातळावर उतरा. चप्पल घट्ट हवी, फार निसरडं असतं. कालवं फोडायला बसलेल्या बायका भेटतील. त्यांना विचारा, कुठे पाय टाकायचा ते त्या बरोबर सांगतात. खडकांवर कोथिंबिरीच्या रंगाची, ओल्या रेशमासारखी पानं चिकटलेली दिसतील. ती उल्व्हा. एक पान दोन बोटांत धरून सूर्यासमोर धरा, पलीकडची बोटं दिसतात. ते पान फक्त दोन पेशी जाड असतं. त्याला मूळ नाही, खोड नाही, पाणी वर चढवणाऱ्या नळ्या नाहीत. खडकाला धरून ठेवायला बुडाशी एक छोटी चकती, बस. बाकी सगळं अंग पाण्यात उघडं, आणि जे काही घ्यायचं ते त्या अख्ख्या अंगाने पाण्यातून घ्यायचं. ही गोष्ट ध्यानात ठेवा. शेवाळातलं औषध आणि शेवाळातलं विष, दोन्ही या एका गोष्टीपाशी येतं.

एवढं नाजूक पान दिवसातून दोनदा पाण्याबाहेर कोरडं पडतं, पावसाळ्यात गोड्या पाण्यात बुडतं, लाटांनी आपटतं, तरी फाटत नाही की सुकून मरत नाही. का? तर त्याच्या पेशींच्या भिंतीत एक बुळबुळीत पदार्थ भरलेला असतो, तो पाणी धरून ठेवतो. त्याचं नाव उल्व्हान. साखरेच्या कणांची लांब साखळी, पण आपली नेहमीची साखर नव्हे. त्यात ऱ्हॅम्नोज, झायलोज, ग्लुक्युरॉनिक आम्ल आणि इड्युरॉनिक आम्ल असतं, आणि साखळीवर जागोजागी सल्फेटचे गट टोचलेले. सुक्या शेवाळाच्या वजनात साधारण १० ते ३० टक्के उल्व्हान असू शकतं. हिरव्या समुद्री शेवाळाच्या औषधीपणाबद्दल जे लिहिलं जातं, त्यातला फार मोठा भाग या एका पदार्थाभोवती फिरतो.

इड्युरॉनिक आम्लाचं नाव वाचून तुमचा भाऊ थबकला असेल तर तो योग्य वाटेवर आहे. झाडापाल्यात हे आम्ल सहसा सापडत नाही. सापडतं ते प्राण्यांच्या शरीरात, विशेषतः हेपॅरिनमध्ये. हेपॅरिन म्हणजे ऑपरेशनच्या वेळी, डायलिसिसच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून देतात ते इंजेक्शन. ते आजही मुख्यतः डुकराच्या आतड्यांपासून बनतं. २००७-०८ मध्ये अमेरिकेत काही हेपॅरिनमध्ये भेसळ निघाली आणि माणसं दगावली. भेसळीचा पदार्थसुद्धा सल्फेट चढवलेली साखळीच होती, नेहमीच्या चाचण्यांना ती हेपॅरिनच वाटली. प्राण्यांवर अवलंबून नसलेलं, एकसारखं मिळणारं काहीतरी शोधलं पाहिजे ही निकड त्यानंतर आणखी वाढली.

हिरव्या शेवाळात रक्त न गोठू देण्याच्या या गुणाचा सगळ्यात भक्कम धागा उल्व्हाकडे नाही, कोडियमकडे जातो. हे स्पंजासारखं मऊ, फांद्याफांद्यांचं, गडद हिरवं शेवाळ. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर कोडियम द्वारकेन्से नावाची जात आहे. द्वारकेचं नाव तिला बॉर्गेसेन या डॅनिश शास्त्रज्ञाने दिलं. हा माणूस १९२७-२८ मध्ये हिंदुस्थानात आला होता, त्याने मुंबईचे किनारे पायाखाली घातले आणि पुढे मुंबईच्या समुद्री शेवाळांची यादी प्रसिद्ध केली. आज इतक्या वर्षांनीही आम्ही नमुना ओळखायला बसलो की त्या यादीकडे वळतो. तर या कोडियम द्वारकेन्सेतून काढलेल्या सल्फेटयुक्त साखळ्यांवर भावनगरच्या केंद्रीय मीठ आणि समुद्री रसायन संशोधन संस्थेत काम झालं आणि १९९९ मध्ये त्यांचा रक्त न गोठू देण्याचा गुण नोंदवला गेला. म्हणजे बाटलीवरचं ‘रक्त पातळ’ हे वाक्य अगदी हवेतून आलेलं नाही. त्याला मूळ आहे.

पण ते मूळ परीक्षानळीतलं आहे. परीक्षानळीत रक्तद्रवात थेंब टाकला, गोठायला लागणारे सेकंद मोजले. कॅप्सूल मात्र जाते पोटात. हेपॅरिन गिळून उपयोग होत नाही, ते टोचावंच लागतं, कारण एवढी लांब, विद्युतभार असलेली साखळी आतड्याच्या भिंतीतून आत शिरत नाही. उल्व्हानचंही तसंच. आपल्याकडे ते पचवायला एन्झाइमच नाही, त्यामुळे ते बहुतांशी न पचणारा तंतू म्हणून पुढे सरकतं. ज्या गुणावर बाटली विकली जाते तो गुण रक्तापर्यंत पोचतच नाही, आणि ज्या व्हिटॅमिन केचा बाटलीवर उल्लेखही नाही ते मात्र पोचतं. तुमच्या वडिलांच्या बाबतीत मला काळजी वाटली ती याची.

विषाणूंबद्दलचे दावेही याच घरातले. विषाणू पेशीला चिकटताना आपल्या पेशींवरच्या हेपॅरिनसारख्या साखळ्यांना धरतो. पाण्यात उल्व्हान मिसळलेलं असलं तर तो पेशीऐवजी उल्व्हानलाच बिलगतो आणि आत शिरायचं राहून जातं. हर्पीस, गोवर, जपानी मेंदूज्वर यांच्या विषाणूंवर प्रयोगशाळेत हे दिसलं आहे. तत्त्व सुंदर आहे. पण याच तत्त्वावर माणसांत काय घडलं तेही बघा. १९८० च्या दशकाच्या शेवटी डेक्स्ट्रान सल्फेट ही अशीच सल्फेटयुक्त साखळी एचआयव्हीवर तोंडाने देऊन पाहिली, ती शोषलीच गेली नाही. पुढे लाल शेवाळातल्या कॅराजिननच्या, योनिमार्गात लावायच्या जेलची दक्षिण आफ्रिकेत सहा हजारांहून अधिक स्त्रियांमध्ये मोठी चाचणी झाली. २००८ मध्ये निकाल आला. जेल सुरक्षित ठरलं, पण एचआयव्हीची लागण त्याने थांबली नाही. प्रयोगशाळेत मात्र दोन्ही पदार्थांनी विषाणूला छान अडवलं होतं. एमएस्सीच्या मुलांना मी हे दोन दाखले पहिल्याच आठवड्यात देते. त्यांचा उत्साह मोडावा म्हणून नव्हे. प्रयोग आखतानाच, हे शरीरात कुठून जाणार, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारावा म्हणून.

आता ‘गाठींवर गुण’. इथे हिरव्या शेवाळाच्या जगातली सगळ्यात विलक्षण गोष्ट येते आणि ती मला पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते. १९९३ मध्ये हवाई बेटांवर हॅमन आणि शॉयर यांनी एलिसिया रुफेसेन्स नावाच्या बिनशंखाच्या समुद्री गोगलगाईतून कहालालाइड एफ नावाचं संयुग वेगळं केलं. ही गोगलगाय ब्रायोप्सिस नावाचं पिसासारखं हिरवं शेवाळ खाते. ब्रायोप्सिस आपल्या किनाऱ्यावरही आहे. तपासलं तर शेवाळातही तेच संयुग. म्हणजे गोगलगाय ते खाण्यातून साठवते आणि माशांपासून स्वतःचा बचाव करते. तेरा अमिनो आम्लांची ही साखळी कर्करोगाच्या पेशींवर इतकी परिणामकारक दिसली की ती माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत गेली, प्रोस्टेट, मेलानोमा (त्वचेचा एक कर्करोग), फुप्फुस. दुसऱ्या टप्प्यापर्यंत पोचली, आणि तिथे अपेक्षेएवढा गुण न दिसल्याने थांबली. बाजारात औषध म्हणून आली नाही.

गोष्ट इथेच संपली नाही. २०१९ मध्ये कळलं की हे संयुग शेवाळही बनवत नाही. ब्रायोप्सिसच्या पेशींच्या आत एक जिवाणू राहतो, तो बनवतो. शेवाळाने त्याला घर दिलं, त्याने शेवाळाला शस्त्र दिलं, आणि गोगलगाईने ते शस्त्र उचललं. आता विचार करा, कुणी ब्रायोप्सिस टाकीत, औषध घातलेल्या स्वच्छ पाण्यात वाढवलं आणि तो जिवाणू मेला, तर शेवाळ हिरवंगार राहील आणि त्यात कहालालाइडचा कणही नसेल. ‘अमुक शेवाळाचा अर्क’ या नुसत्या शब्दांना म्हणूनच माझ्या लेखी फारसा अर्थ नाही. उल्व्हाचंही पाहा. तिला पूर्ण निर्जंतुक पाण्यात वाढवलं तर पान धड आकारच घेत नाही, पेशींचा नुसता गोळा होतो. पान व्हायला तिला काही ठरावीक जिवाणूंकडून येणारे रासायनिक संकेत लागतात.

कॉलेर्पाबद्दलही दोन शब्द. हे द्राक्षांच्या घोसासारखं किंवा नेच्यासारखं दिसणारं शेवाळ. अख्खं शेवाळ, वीतभर लांब असलं तरी, एकच पेशी! ती कापली तर आतला सगळा द्रव वाहून जायला हवा. तसं होत नाही. कापल्याबरोबर त्यातलं कॉलेर्पेनाइन नावाचं संयुग काही सेकंदांत बदलतं, प्रथिनांना एकमेकांत गुंफतं आणि जखमेवर बूच बसतं. कॉलेर्पेनाइन आणि कॉलेर्पिन या दोन्हींवर बरंच काम झालं आहे, कॉलेर्पिनने उंदरांमध्ये वेदना आणि सूज कमी झाल्याचं दिसलं आहे. पण तुमच्या भावाच्या कामाची गोष्ट वेगळी आहे. शेवाळ आणून मिक्सरमध्ये फिरवलं, तर फिरवता फिरवताच जिवंत शेवाळातलं संयुग संपलेलं असतं आणि तुम्ही दुसऱ्याच कशाचा तरी अर्क काढत असता. म्हणून किनाऱ्यावरच बर्फात, किंवा सरळ अल्कोहोलमध्ये बुडवून आणायचं. हे साधं वाटतं, पण कित्येक प्रबंधांत पद्धतीच्या पानावर ‘सावलीत आठ दिवस वाळवून’ असं लिहिलेलं असतं आणि पुढे निकाल नाही आला म्हणून हळहळ.

नावांचा घोळही मोठा आहे. जुन्या पुस्तकांत नळीसारख्या हिरव्या शेवाळाला एंटेरोमॉर्फा म्हटलेलं असतं. २००३ पासून ते उल्व्हातच धरलं जातं. २०१९ मध्ये, सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसच्या काळातल्या उल्व्हा लॅक्टुकाच्या मूळ नमुन्याचा डीएनए तपासला, तेव्हा तो आपल्या उबदार समुद्रातल्या उल्व्हा फॅसिआटाशी जुळला. युरोप-अमेरिकेच्या थंड पाण्यातली, ज्यांना इतकी वर्षं लॅक्टुका म्हणत होते ती बरीचशी शेवाळं वेगळ्याच जातीची निघाली. म्हणजे ‘उल्व्हा लॅक्टुकाने मधुमेही उंदरांची साखर उतरली’ असं कुठे वाचलं, तर तो पदार्थ कुठल्या जातीचा होता हे पेपरात डीएनए दिल्याशिवाय सांगता येत नाही. नुसत्या पानाकडे बघून उल्व्हाची जात ओळखणं मला आजही जमत नाही.

आता मी स्वतः कशी फसले ते सांगते. नवीन होते, एका प्रयोगशाळेत उल्व्हानवर काम करत होते. ते वेगळं करण्यातला आनंद ज्याने घेतला त्यालाच कळेल. वाळवलेलं शेवाळ आधी अल्कोहोलने धुवायचं, हिरवा रंग निघून जातो आणि राहतो तो फिकट चोथा. तो ८०-९० अंशांच्या पाण्यात दोनेक तास ठेवायचा. लॅबभर किनाऱ्याचा वास सुटतो. गाळलं की हाती येतो तो साबुदाण्याच्या पेजेसारखा चिकट, पिवळसर द्रव. त्यात तिप्पट थंड अल्कोहोल हळूहळू ओतत गेलं की काही क्षण काहीच होत नाही, आणि मग एकदम तळातून पांढरे धागे उठायला लागतात, म्हातारीच्या कापसासारखे, एकमेकांत गुरफटत काचेच्या दांड्याला येऊन चिकटतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी सगळ्यांना हाका मारून बोलावलं होतं.

ते पांढरे धागे सुकवून मी रोगप्रतिकारक पेशींवर टाकले. पेशी अशा चेतवल्या गेल्या की आलेख सरळ वर. आठ महिने मी तेच काम वेगवेगळ्या मात्रांवर करत राहिले. पेपर लिहायला बसले तेव्हा एका ज्येष्ठ बाईंनी एकच विचारलं, ‘एंडोटॉक्सिन पाहिलंस का?’ मी पाहिलं नव्हतं. एंडोटॉक्सिन म्हणजे काही जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणाचा तुकडा. कणभर असला तरी रोगप्रतिकारक पेशी खवळतात. उकळून तो जात नाही आणि अल्कोहोलमध्ये आपल्या साखळ्यांबरोबरच खाली बसतो. माझं शेवाळ मुंबईच्या पाण्यातलं, अंगभर जिवाणू. पॉलिमिक्सिन बी घालून एंडोटॉक्सिन बांधून ठेवलं आणि प्रयोग पुन्हा केला. आलेख जवळपास झोपला. आठ महिने मी शेवाळाचा नव्हे, गटाराच्या जिवाणूंचा गुण मोजत होते. तो पेपर छापला नाही. नंतर एंडोटॉक्सिन काढून काम केलं तेव्हा खरा गुण थोडा उरला, पण किती थोडा! आजही ‘उल्व्हान रोगप्रतिकारशक्ती वाढवतं’ असा पेपर हाती आला की मी सगळ्यात आधी एंडोटॉक्सिनची चाचणी शोधते. नसेल तर पुढे वाचत नाही.

दुसरी तपासणी मिठाची. शेवाळाचा कच्चा पाण्यातला अर्क म्हणजे बराचसा मीठच. तो पेशींवर भरपूर ओतला की पेशी आकसून मरतात, मग त्या कर्करोगाच्या असोत की साध्या. म्हणून अर्क पडद्याच्या पिशवीत घालून दोन-तीन दिवस पाणी बदलत मीठ काढावं लागतं, आणि शेजारी निरोगी पेशींवरही तोच अर्क टाकून दाखवावा लागतो. तिसरी गोष्ट मात्रेची. कच्च्या अर्काने मिलिलिटरला २०-३० मायक्रोग्रॅमच्या आत पेशी मारल्या तर पुढे जाण्यात अर्थ, असा एक जुना रिवाज आहे. कितीतरी पेपरांत ही मात्रा हजार मायक्रोग्रॅम, म्हणजे एक मिलिग्रॅम असते. माणसाच्या अंगात पाच लिटर रक्त धरलं तर तेवढ्या मात्रेला पाच ग्रॅम अर्क एका वेळी नुसत्या रक्तात फिरत असायला हवा. तुमच्या बाटलीतली कॅप्सूल पाचशे मिलिग्रॅमची असेल, आणि त्यातला किती भाग आतड्याबाहेर पडतो ते वर सांगितलंच.

मग यात दम आहे का? आहे, आणि मी तो माझ्या परीने सांगते. हिरव्या समुद्री शेवाळापासून बनलेलं, मंजूर झालेलं औषध आज बाजारात नाही. पण माझ्या मते उल्व्हानची जागा पोटात नसून जखमेवर आहे. तपकिरी शेवाळातल्या अल्जिनेटच्या पट्ट्या आज दवाखान्यात सर्रास वापरतात. जखमेतलं पाणी शोषून घेऊन त्यांचं जेल होतं आणि ड्रेसिंग बदलताना नवं मांस ओरबाडलं जात नाही. उल्व्हानही बोरॉन आणि कॅल्शियमच्या संगतीत जेल होतं, पाणी धरतं, शिवाय त्याच्या साखळ्या आपल्या त्वचेखालच्या साखळ्यांशी नातं सांगणाऱ्या. त्याचे पातळ पडदे, बारीक तंतूंच्या जाळ्या, औषध भरून हळूहळू सोडणारी जेल, असं बरंच काम प्रयोगशाळेत आणि उंदरांवर चालू आहे. जखमेवर लावायचं तर शोषलं जाण्याचा अडसर नाही, रक्तात मात्रा गाठायची गरज नाही. ज्या अडचणींनी बाकीचे दावे अडकले त्यांतल्या निम्म्या इथे येतच नाहीत. मधुमेहाच्या पायाच्या जखमा मुंबईत घरोघरी आहेत. स्वस्त, चांगलं ड्रेसिंग इथल्याच समुद्रातल्या वस्तूचं झालं तर मला त्याचं अप्रूप वाटेल. मत्स्यशेतीत खाद्यातून उल्व्हान देऊन कोळंबी-मासे रोगाला कमी बळी पडतात का, याचाही अभ्यास होतो, आणि तिकडे निकाल लवकर कळतात.

मात्र कच्चा माल बँडस्टँडचा नको. वर सांगितलं, हे शेवाळ अख्ख्या अंगाने पाणी पितं. म्हणूनच ते शिसं, कॅडमियम, तांबं, जस्त अंगात साठवतं, इतकं की पाणी किती दूषित आहे हे मोजायला शास्त्रज्ञ उल्व्हाच वापरतात. मिठी नदी माहीमच्या खाडीत येते, तिथून बँडस्टँड किती लांब आहे? आणि सांडपाण्यातला नायट्रोजन हे तर उल्व्हाचं खत. कातळ हिरवागार दिसतो त्यामागे बऱ्याच अंशी तेच आहे. २००८ च्या ऑलिम्पिकच्या तोंडावर चीनमधल्या चिंगदाओला उल्व्हाचा असा महापूर आला होता की नौकाशर्यतींसाठी दहा लाख टनांहून जास्त शेवाळ उपसावं लागलं. उल्व्हा भरपूर दिसली की पाणी चांगलं आहे असं समजू नये. चटणीत घालायला, फेसपॅकला, ‘नैसर्गिक आयोडीन’ म्हणून इथून शेवाळ गोळा करून नेणारे लोक हल्ली मला दिसतात, त्यांना मी थांबवून हे सांगते. आयोडीनसाठी तर हिरवं शेवाळ धरायचंही कारण नाही, ते तपकिरी शेवाळात कितीतरी जास्त असतं, आणि थायरॉइडवाल्यांना तेही विचारल्याशिवाय नको.

ओळख पटवायला, सूक्ष्मदर्शकाखाली बघायला, मुलांना दाखवायला बँडस्टँड उत्तम. औषधासाठी शेवाळ हवं तर रत्नागिरी, मालवण, कुणकेश्वरकडचे स्वच्छ कातळ, किंवा त्याहून बरं म्हणजे टाकीत वाढवलेलं. दक्षिण आफ्रिकेत ॲबलोनी या खाण्याच्या समुद्री गोगलगाईंच्या शेतांवर टाक्यांत उल्व्हा पिकवतात, पाणीही स्वच्छ होतं आणि गोगलगाईंना खाद्यही मिळतं. एकाच बियाण्याचं, एकाच पाण्यातलं, ठरलेल्या दिवशी काढलेलं शेवाळ मिळाल्याशिवाय उल्व्हानचा एक लॉट दुसऱ्यासारखा येणार नाही, आणि तोवर त्याचं औषध होणार नाही. आपल्याकडे २०१५ पासून वनस्पतिजन्य औषधांसाठी जो वेगळा नियम आहे त्यात अर्कातले निदान चार घटक मोजून दाखवावे लागतात. बारा महिने बारा प्रकारचं शेवाळ आणून ते जमायचं नाही.

भावाला माझ्याकडून एवढं सांगा. जागा, तारीख, भरती-ओहोटीची वेळ, पाण्याचं तापमान आणि क्षारता वहीत लिहायची. प्रत्येक नमुन्याचं एक पान कागदावर दाबून ठेवायचं, एक तुकडा डीएनएसाठी. धातू, मीठ, एंडोटॉक्सिन हे तिन्ही आधी तपासायचे, मग पेशींकडे जायचं. धंद्याचा हेतू किंवा परदेशी भागीदार असेल तर २००२ च्या जैवविविधता कायद्याची परवानगी आधी घ्यायची. आणि विषय जखमेचा घेतला तर मला आनंद होईल.

बाटलीबद्दल एक राहिलं. तिच्यावर शेवाळाचं शास्त्रीय नाव आहे का बघा. पुष्कळदा ‘हिरवं शेवाळ’ म्हणून आत स्पिरुलिना किंवा क्लोरेला असते. स्पिरुलिना तर समुद्री शेवाळच नव्हे, ते निळंहिरवं जिवाणू कुळातलं. आयुर्वेदाचा दाखला दिला असेल तर ग्रंथांतल्या ‘शैवाल’ची ओळख गोड्या पाण्यातल्या वनस्पतींशी पटवली जाते, समुद्रातल्या उल्व्हाशी नाही. एफएसएसएआयचा (केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) नंबर असला तरी तो खाद्यपदार्थाचा असतो, रोग बरा करण्याचा दावा त्यावर करता येत नाही, आणि कर्करोग बरा करतो अशी जाहिरात करणं १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. काकांवर रागावू नका, त्यांनी मायेपोटी आणलं. फक्त बाटली फेकू नका. आयएनआरला जाल तेव्हा ती पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. वडिलांनी किती दिवस, किती कॅप्सूल घेतल्या हेही चिठ्ठीवर लिहून न्या.